चिमूटभर बारूद : रोझा रोबोटा आणि धैर्याचा हिशेब

ऑशविट्झ-बिर्केनाव या नाझी छावणीत ७ ऑक्टोबर १९४४ रोजी झालेल्या उठावाचा ताळेबंद मांडायचा झाला, तर तो दोन ओळींत मांडता येतो : एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचे तीन जण ठार व सुमारे डझनभर जखमी, एक प्रेतदहनगृह जळून निकामी, आणि ४५१ कैदी मृत. या उठावासाठी बारूद पुरवली म्हणून तीन महिन्यांनी चार ज्यू स्त्रियांना फाशी देण्यात आले, आणि त्यांच्यातील रोझा रोबोटा हिचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. एवढ्या अल्प फळासाठी एवढी जबर किंमत मोजणाऱ्या कृतीला धैर्य म्हणावे की निराशेतून आलेले साहस म्हणावे, हा प्रश्न या घटनेच्या अभ्यासात वारंवार डोके वर काढतो आणि त्याला भावनेच्या भरात दिलेले उत्तर टिकत नाही.

आपल्याकडील शास्त्रचर्चेत एखादा सिद्धांत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडण्याची शिस्त होती. त्या मांडणीला पूर्वपक्ष म्हणत आणि तिचे खंडन करणाऱ्या मांडणीला उत्तरपक्ष. प्रस्तुत लेखात तीच शिस्त संवादाच्या रूपाने पाळली आहे. पूर्वपक्ष युद्धेतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा आहे, तर उत्तरपक्ष त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आणि छावण्यांतून वाचलेल्या स्त्रियांच्या साक्षींवर काम करणाऱ्या एका संशोधिकेचा. ही दोन्ही पात्रे कल्पित आहेत. ती ज्या घटनांविषयी बोलतात त्या कल्पित नाहीत.

संवादाआधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. रोझाचा जन्म १९२१ मध्ये पोलंडमधील चेखानूव या गावी झाला. तरुणपणीच ती हाशोमेर हात्झाइर या ज्यू युवक-संघटनेत दाखल झाली होती. पॅलेस्टाइनमध्ये जाऊन सामुदायिक शेतीवर आधारलेले समतेचे जीवन उभारावे, असे या समाजवादी विचारांच्या संघटनेचे ध्येय होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये चेखानूवचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडून ठेवण्यासाठी राखलेली वस्ती, रिकामा करण्यात आला आणि तेथील माणसांना गाड्यांत भरून ऑशविट्झला नेण्यात आले. रोझाच्या कुटुंबीयांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले. ती तरुण व धडधाकट असल्यामुळे मजुरीसाठी मागे ठेवली गेली आणि बिर्केनावमधील कपड्यांच्या कोठारात कामाला लागली. हे कोठार दहनगृहांच्या जवळच होते.

त्या दहनगृहांत राबणाऱ्या कैद्यांच्या गटाला जर्मन भाषेत झोंडरकोमांडो, म्हणजे 'विशेष तुकडी', असे सौम्य नाव होते. वायूच्या कोठडीतून मृतदेह बाहेर काढणे, त्यांचे केस कापणे, सोन्याचे दात उपटणे आणि देह भट्टीत घालणे ही कामे या ज्यू पुरुषांकडून मृत्यूच्या धाकाने करून घेतली जात. त्यांना इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले जाई आणि पाहिलेले कुणाला सांगता येऊ नये म्हणून वेळोवेळी त्यांचाही काटा काढला जाई. १९४४ च्या मे ते जुलै या अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू हद्दपार करण्यात आले आणि त्यांच्यातील बहुतेकांना ऑशविट्झला आणले गेले, तेव्हा ही तुकडी वाढवण्यात आली. गाड्या कमी झाल्यावर सप्टेंबरमध्ये तिच्यातील २०० जणांना फसवून बाजूला नेऊन मारण्यात आले. उरलेल्यांना पुढचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

बारूद होती ती वेगळ्याच ठिकाणी. मुख्य छावणीजवळच्या वाइक्सेल-युनियन या कारखान्यात तोफगोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा नेमक्या क्षणी फुटावा यासाठी त्याच्या टोकाला बसवायचे भाग, तयार होत. त्यातील बारूदखान्यात निवडक ज्यू स्त्रिया यंत्रासमोर बसून सोंगटीएवढ्या धातूच्या तुकड्यात इवल्याशा चमच्याने भुकटी भरत आणि यंत्राच्या दाबाने ती घट्ट बसवत. भुकटी पाटीच्या रंगाची, राखाडी आणि जाड्या मिठासारखी दाणेदार होती, अशी आठवण त्या स्त्रियांपैकी वाचलेल्या हाना वायत्सब्लुम हिने सांगितली आहे. यंत्रावरून सांडलेली वा बाजूला काढलेली भुकटी चिंधीत बांधून, तिची गाठ मारून, कपड्यांच्या आत दडवली जाई. दोन-तीन जणींनी मिळून दिवसभरात जमवलेली भुकटी चहाच्या दोन-तीन चमच्यांहून अधिक भरत नसे. परतीच्या वाटेवर अचानक झडती सुरू झाली, तर रांगेत उभ्या उभ्या गाठ सोडायची, भुकटी जमिनीवर सांडायची आणि पायाने मातीत चोळून टाकायची, एवढाच बचाव हाताशी होता.

प्राध्यापकांनी चर्चेला आरंभ केला तो या चमच्यांपासूनच.

प्राध्यापक : थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण तळे साचले की नाही, हेही पाहिले पाहिजे. जमवलेल्या बारुदीतून झोंडरकोमांडोतील जाणकारांनी हातबॉम्ब तयार केले, असे साक्षी सांगतात. परंतु ७ ऑक्टोबरला दहनगृह क्रमांक ४ पेटले, ते आतील गाद्यांना लावलेल्या आगीने. एसएसचे लोक तीनशे जणांची यादी घेऊन माणसे न्यायला आले, तेव्हा कैदी हातोडे, कुऱ्हाडी आणि दगड घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. ठरलेली योजना, ठरलेली वेळ, ठरलेला इशारा यांपैकी काहीच घडले नाही. म्हणजे ज्या बारुदीसाठी चार स्त्रियांनी प्राण दिले, तिचा त्या दिवशीच्या निकालात वाटा फारच थोडा होता. आणखी एक गोष्ट कटू असली तरी सांगितलीच पाहिजे : दहनगृह क्रमांक ४ च्या भट्ट्या १९४३ मध्येच तडकल्या होत्या आणि तेव्हापासून त्या जवळजवळ निरुपयोगी होत्या; १९४४ मध्ये ती इमारत झोंडरकोमांडोच्या राहण्यासाठी वापरली जात होती. मृत्यूच्या यंत्रणेचे एक चाक मोडले असे आपण म्हणतो, तेव्हा ते चाक आधीच थांबलेले होते, हे आपण सांगत नाही.

संशोधिका : सर, हे तपशील लपवण्याचे काहीच कारण नाही, उलट ते प्रत्येक लेखात यायला हवेत. परंतु भट्ट्या बंद होत्या म्हणून त्या इमारतीतील वायूच्या कोठड्या नव्हत्या असे होत नाही, आणि उठावानंतर ती इमारत पुन्हा कधीच वापरात आली नाही. शिवाय परिणाम मोजायचा तर तो कृती घडली त्या वेळच्या अपेक्षेवरून मोजला पाहिजे. रोझाला आणि कारखान्यातील स्त्रियांना ठाऊक होते ते इतकेच, की दहनगृहातील पुरुष लढण्याची तयारी करत आहेत आणि त्यांच्याजवळ काहीही नाही. आपल्या हातून पोहोचणारी चिमूट अखेरीस वापरली जाईल की नाही, हे त्यांना कळण्याची शक्यताच नव्हती. युद्धाच्या इतिहासात रसद पोहोचवणाऱ्याचे शौर्य सेनापतीच्या चुकीमुळे रद्द होत नाही, हे तर आपणच वर्गात शिकवत होता.

प्राध्यापक : रसद पोहोचवणारा सैनिक असतो. त्याच्यामागे सैन्य असते, आणि त्या सैन्याने हिशेब केलेला असतो. येथे ज्यांनी हिशेब केला होता, ते या उठावाच्या विरोधात होते, ही गोष्ट विसरता येणार नाही.

हा मुद्दा साधा नाही आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. ऑशविट्झमध्ये अनेक राष्ट्रांच्या कैद्यांची मिळून एक गुप्त प्रतिकार-संघटना होती. १९४४ च्या उन्हाळ्यात सर्वांनी मिळून उठाव करण्याची चर्चा झाली. परंतु सोव्हिएत फौजा पश्चिमेकडे सरकत असताना घाई केली, तर हजारो कैद्यांची कत्तल ओढवेल, म्हणून आघाडी जवळ येईपर्यंत थांबावे, असे संघटनेचे मत पडले. झोंडरकोमांडोसाठी मात्र थांबणे म्हणजे मरणे होते, कारण त्यांचा नंबर फौजा येण्याआधीच लागणार होता. एकाच तारांच्या आत दोन वेगवेगळी घड्याळे चालत होती, आणि दोन्ही बरोबर होती.

प्राध्यापक : संघटनेचा सबुरीचा सल्ला लष्करी दृष्टीने योग्य होता. २७ जानेवारी १९४५ ला छावणी मुक्त झाली, आणि त्याच्या जवळपास तीन आठवडे आधी त्या चौघी फासावर गेल्या. संयम ठेवला असता, तर कदाचित त्या मुक्तीचा दिवस पाहू शकल्या असत्या. दूरवरचे पाहून हाती असलेले जपणे हीदेखील एक जबाबदारीच असते, आणि तिला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

संशोधिका : भ्याडपणा कुणीच म्हणत नाही. पण थांबण्याचा सल्ला देणारे आणि थांबल्यामुळे मरणारे हे एकच लोक नव्हते, याचा विचार केल्याशिवाय त्या सल्ल्याला शहाणपण म्हणता येणार नाही. आणि वाट पाहून वाचण्याची आशा तरी किती पक्की होती? १८ जानेवारीच्या सुमारास छावणी रिकामी करण्यात आली आणि पन्नास हजारांहून अधिक कैद्यांना कडाक्याच्या थंडीत पश्चिमेकडे पायी हाकलण्यात आले. रस्त्याच्या कडेला किती जण पडले याची गणती नाही. मुक्तीच्या दिवशी आत उरले होते ते सुमारे सात हजार, आणि त्यांतील बहुतेक आजारी व चालू न शकणारे. रोझा जगली असती असे म्हणण्याइतकाच ती त्या वाटेवर मेली असती असे म्हणण्यालाही आधार आहे. आपण ज्याला हाती असलेले म्हणता, ते कुणाच्याही हाती नव्हते.

प्राध्यापकांनी येथे आपल्या मांडणीला वेगळे वळण दिले. आणि निकालाच्या हिशेबापेक्षा त्यांचा हा आक्षेप अधिक खोल होता, असे म्हणावे लागेल.

प्राध्यापक : मग तुमचाच युक्तिवाद पुढे नेऊ. सगळे मरणारच होते, कुणाच्याच हाती काही नव्हते, असे असेल, तर ज्याला आपण धैर्य म्हणतो त्याला धैर्य म्हणायचे तरी कशाच्या बळावर? कोंडलेली मांजरही अंगावर येते. ७ ऑक्टोबरच्या सकाळी झोंडरकोमांडोत ६६३ माणसे होती. ज्यांची नावे यादीत होती ती सर्व मरणाच्या दारात उभी होती. गमावण्यासारखे काही उरलेले नसते, तेव्हा जिवावर उदार होणे सोपे असते असे कुणी म्हणणार नाही, पण त्याला निवड म्हणणेही कठीण आहे. आणि निवड नसेल, तर धैर्य हा नीतिशास्त्रातील शब्द तेथे कसा लागू पडेल?

संशोधिका : सर, हा प्रश्न पुरुषांच्या बाबतीत उभा राहतो; या चार स्त्रियांच्या बाबतीत तो उभाच राहत नाही. त्या झोंडरकोमांडोत नव्हत्या. छावणीतील हिशेबाने त्यांची कामे चांगली गणली जात. बाहेर चिखलात दगड वाहणाऱ्या, दलदलीत खंदक खणणाऱ्या स्त्रिया काही आठवड्यांत संपत. कारखान्यात डोक्यावर छप्पर होते, काम बसून करायचे होते, आणि जर्मनांना फ्यूज हवे असेपर्यंत तेथील हात जिवंत ठेवण्यात त्यांचा स्वार्थ होता. कपड्यांच्या कोठारातही उबदार वस्त्र मिळण्याची, काहीबाही बदलून भाकरी मिळवण्याची शक्यता होती. म्हणजे ऑशविट्झमधील स्त्रियांमध्ये जगण्याची आशा धरता येईल अशा ज्या थोड्या होत्या, त्यांत या होत्या. बारूद चोरताना त्यांनी पणाला लावले ते हेच. ज्यांच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हते अशांच्या मदतीला, ज्यांच्याकडे गमावण्यासारखे होते अशा धावल्या.

या वाक्यानंतर प्राध्यापक काही वेळ बोलले नाहीत. त्यांनी मान्य केले की, रणांगणावरील शौर्याची नेहमीची मोजमापे येथे अपुरी पडतात, कारण ती एका क्षणातील उसळीसाठी बनवलेली आहेत. बारूदखान्यातील स्त्रीला रोज सकाळी नव्याने ठरवावे लागे. कालची चिंधी पोहोचली, कुणाला कळले नाही, आता थांबावे, असे म्हणण्याची मुभा तिला दर पाळीला होती, आणि काही महिने तिने ती मुभा दररोज नाकारली. संतापाने एकदा उसळलेल्या माणसापेक्षा ही जात वेगळी आहे. परंतु प्राध्यापकांचा यावरील पुढचा आक्षेप अधिक धारदार होता.

प्राध्यापक : पण पणाला लावले ते केवळ स्वतःचे नव्हते. त्या चौघींपैकी एस्तुशा वायत्सब्लुम हिच्यासोबत तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात होती, कोवळ्या वयाची. वॉर्सा, मायदानेक आणि ऑशविट्झ या वाटेने दोघी बहिणी एकमेकींच्या आधाराने आलेल्या, आई-वडील गेलेले. छावणीत सामूहिक शिक्षा ठरलेलीच असे. बारूदखान्यात एकीच्या कपड्यात भुकटी सापडली असती, तर मेजावर बसलेल्या सगळ्या जणी गेल्या असत्या. ज्यांनी हो म्हटले नव्हते, अशांचाही जीव या निर्णयात गुंतला होता. तो गुंतवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

संशोधिका : या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, आणि ते आहे असा आव आणणेही बरे नाही. एवढे मात्र सांगता येते की, धाकटी बहीण हाना ही अजाण साक्षीदार नव्हती, तीही या कामात सामील होती. आणि तो प्रश्न एस्तुशाच्या मनात शेवटपर्यंत जागा होता. तुरुंगातून तिने एका मैत्रिणीला चिठ्ठी पाठवली आणि आपल्यामागे धाकटीला सांभाळ, म्हणजे मरण सोपे होईल, असे तीत कळवले. जिने दुसऱ्याच्या जिवाचा विचार केला नाही अशी स्त्री ही चिठ्ठी लिहीत नाही.

संवाद यानंतर उठावाच्या पुढच्या काळाकडे वळला. उठावाच्या दिवशी दहनगृह क्रमांक २ मधील कैदी कुंपण तोडून बाहेर पडले होते. रायस्को या गावाजवळ एका धान्याच्या कोठारात त्यांना गाठण्यात आले, कोठाराला आग लावण्यात आली आणि पळालेल्यांपैकी कुणीही वाचले नाही. नंतर बारूद कोठून आली याचा तपास सुरू झाला. कारखान्यात वापरली जाणारी भुकटी आणि कैद्यांकडे सापडलेली भुकटी यांचा संबंध लागायला वेळ लागला नाही. आला गेर्टनर, रेगिना साफिरश्टाइन आणि एस्तुशा वायत्सब्लुम या कारखान्यातील तिघींना पकडण्यात आले. नंतर रोझा पकडली गेली. मुख्य छावणीतील ब्लॉक क्रमांक ११ च्या तळघरात छळाची आणि एकांतवासाची सोय होती. तेथे त्यांचे अनेक आठवडे हाल करण्यात आले.

येथे रोझाचे वेगळेपण समजून घेतले पाहिजे. तिने यंत्रावर कधी काम केले नव्हते. ती दुवा होती. कारखान्यातील स्त्रियांकडून आलेली भुकटी तिच्यापर्यंत पोहोचे आणि तिच्यामार्फत दहनगृहातील पुरुषांकडे जाई. या कामासाठी तिच्याशी संपर्क साधला होता तो तिच्याच गावच्या नोआ झाब्लुडोविच याने, जो गुप्त संघटनेत होता. बारूदखान्यातील मुलीला साखळीतील पुढची एखादीच व्यक्ती ठाऊक असे. रोझाला दोन्ही बाजूंची माणसे ठाऊक होती. त्यामुळे तपास करणाऱ्यांच्या दृष्टीने तिचे तोंड सर्वांत मोलाचे होते, आणि संघटनेतील लोक रात्र-रात्र तिच्याच बोलण्याच्या भीतीने जागत होते.

संशोधिका : तळघरातील तुरुंगावर नेमलेल्या एका कैद्याच्या मदतीने नोआ तिच्या कोठडीत जाऊन आला. मारहाणीने तिची ओळख पटू नये अशी अवस्था झाली होती. तिने त्याला सांगितले की, तिने सारे स्वतःवर घेतले आहे, कुणाचेही नाव दिलेले नाही आणि देणार नाही. काम पुढे चालू ठेवा. तिने बाहेर पाठवलेल्या चिठ्ठीचा शेवट आपल्या युवक-संघटनेतील निरोपाच्या हिब्रू अभिवादनाने केला होता. सर, आपण मघाशी परिणाम मोजत होता. रोझाच्या धैर्याचा एक परिणाम अगदी मोजता येण्याजोगा आहे : तिच्यापुढे साखळी तुटली नाही. कारखान्यात बारूद गोळा करणाऱ्या इतर स्त्रियांपैकी आणखी कुणालाही फासावर चढवले गेले नाही, आणि संघटनेचे लोक वाचले. नंतर होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, नामवंत इतिहासकार झालेले इस्रायल गुटमन त्याच कारखान्यात कैदी होते आणि त्याच गुप्त कामात होते. रोझा बोलली असती, तर होलोकॉस्टविषयीची काही महत्त्वाची पुस्तके लिहायला माणूसच उरला नसता.

प्राध्यापक : हे मान्य करावेच लागेल. मौनाचा परिणाम स्फोटाच्या परिणामापेक्षा मोठा होता, आणि तो सिद्ध करता येतो. पण मग आपल्याकडे आणि सगळीकडेच या घटनेची आठवण स्फोट म्हणून का काढली जाते? त्यात एक धोका दिसतो. १९६१ मध्ये इतिहासकार राउल हिलबर्ग यांनी युरोपातील ज्यूंच्या संहाराच्या यंत्रणेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ज्यूंचा सशस्त्र प्रतिकार एकूण यंत्रणेच्या मानाने नगण्य होता, असा निष्कर्ष काढला. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. त्याला उत्तर म्हणून जो तो बंदुकी आणि बॉम्ब शोधू लागला, आणि त्या शोधात एक अन्याय घडला : ज्यांच्या हाती काहीच आले नाही, जे मुलाचा हात धरून वायूच्या कोठडीत गेले, त्यांच्यावर न बोललेला दोषारोप झाला. ऑशविट्झमध्ये सुमारे दहा लाख ज्यू मारले गेले. त्यांतील चार नावांवर प्रकाशझोत टाकताना बाकीच्यांवर अंधार पडू देता कामा नये.

संशोधिका : म्हणूनच इतिहासकार येहुदा बाउअर यांनी 'अमिदा' हा हिब्रू शब्द पुढे आणला. त्याचा शब्दशः अर्थ 'उभे राहणे' असा आहे, आणि त्यांनी त्यात शस्त्राने केलेल्या प्रतिकाराबरोबरच घेट्टोत चोरून धान्य आणणे, मुलांची गुप्त शाळा चालवणे, प्रार्थना सोडून न देणे, रोजनिशी लिहून पुरून ठेवणे या साऱ्यांचा समावेश केला. झाल्मेन ग्रादोव्स्की हे झोंडरकोमांडोतील उठावाच्या नेत्यांपैकी एक. ते ७ ऑक्टोबरला मारले गेले, पण त्यांनी दहनगृहाच्या आवारात पुरलेली हस्तलिखिते युद्धानंतर सापडली. त्यांचे लेखन आणि त्यांचा उठाव यांत मोठे काय, असा प्रश्नच उरत नाही.

प्राध्यापकांनी मात्र या शब्दालाही सहज मान्यता दिली नाही. सर्वच गोष्टींना प्रतिकार म्हटले की, प्रतिकार या शब्दाची धार बोथट होते आणि ज्या स्त्रीने छळ सोसून नाव सांगितले नाही, तिच्यातला व जिने लपवलेली भाकर वाटून खाल्ली तिच्यातला फरक बोलता येईनासा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप वजनदार आहे, आणि संशोधिकेने त्याचे खंडन केले नाही. शब्द रुंद ठेवावा, पण प्रत्येक कृतीसमोर तिची किंमत लिहावी, एवढीच तिची पुस्ती होती. लेखकाच्या मते या ठिकाणी दोन्ही पक्ष एकमेकांच्या जितके जवळ आले, तितके आणखी कुठेच आले नाहीत.

आणखी एका बाबतीत पूर्वपक्षाचा जय झाला, असे नोंदवले पाहिजे. प्राध्यापकांनी विचारले की, चौघींना फाशी दिलेले असताना पुस्तकांत आणि भाषणांत एकट्या रोझाचेच नाव का घेतले जाते. रोझाला जाणणारे लोक संघटनेत होते, ते वाचले, त्यांनी लिहिले व सांगितले. आला आणि रेगिना यांच्यासाठी बोलणारे फार थोडे उरले होते. पोलंडमधील बेंजिन या गावची आला गेर्टनर चौघींत वयाने सर्वांत मोठी, १९१२ मध्ये जन्मलेली. रेगिनाही बेंजिनचीच, बारूदखान्यात देखरेखीचे काम करणारी, म्हणजे जिने डोळेझाक केल्याशिवाय चिंधी बाहेर जाऊच शकली नसती. अनेक वर्षे तिचे नाव निरनिराळ्या प्रकारे छापले जात होते. संशोधिकेने हे मान्य केले आणि 'एका तरुणीचे धैर्य' या मथळ्याखाली ही कथा सांगणे सोयीचे असले तरी अपुरे आहे, असे स्वतःहून म्हटले. धैर्य येथे साखळीचे होते. रोझा हे त्या साखळीतील सर्वाधिक ताण सोसलेले कडे होते.

फाशीचा तपशीलही त्या साखळीकडेच बोट दाखवतो. १९४५ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, मुख्य छावणीच्या स्त्रियांच्या विभागात, कारखान्यातील सर्व स्त्रियांना रांगेत उभे करून ही शिक्षा अमलात आणली गेली. कारखाना दिवस आणि रात्र अशा दोन पाळ्यांत चालत असे, म्हणून फाशीही दोनदा झाली : दोघींना एका पाळीसमोर आणि दोघींना दुसऱ्या पाळीसमोर, जेणेकरून एकही स्त्री हे दृश्य पाहण्यातून सुटू नये. बिर्केनावमधील वायूच्या कोठड्या त्याआधी दोन महिने, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच, बंद झाल्या होत्या आणि दहनगृहे पाडण्याचे काम चालू होते. पुरावे नष्ट करण्याची घाई असलेल्या यंत्रणेला चार स्त्रियांसाठी दोन वेळा वधस्तंभाखाली रांगा लावायला सवड होती, यावरून त्या चिंध्यांतील भुकटीची तिला किती धास्ती वाटली असेल, याचा अंदाज करता येतो. प्राध्यापकांनी आपल्या पहिल्या ताळेबंदात ही नोंद नव्हती, असे कबूल केले.

हाना वायत्सब्लुम बहिणीच्या फाशीनंतर खचून गेली होती. ज्या मैत्रिणीला चिठ्ठी लिहिली गेली होती तिने तिला सांभाळले, आणि ती वाचली. पुढे ती कॅनडात स्थायिक झाली, ॲना हाइलमन या नावाने तिने आपल्या आठवणींचे पुस्तक लिहिले, आणि चौघींची नावे एकत्र कोरली जावीत म्हणून तिने अनेक वर्षे पाठपुरावा केला. जेरुसलेममधील याद वाशेम या होलोकॉस्टच्या राष्ट्रीय स्मारकाच्या आवारात १९९१ मध्ये चौघींचे स्मारक उभे राहिले, आणि २०११ मध्ये हाना वारली.